परतीचे दोर कापण्याआधी

पत्र

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

मी २६ वर्षांचा असून मूळचा कराडजवळच्या एका खेड्यातला आहे. लहानपण गावच्या तालमीत गेले. पुढे कुस्ती सुटली आणि शरीरसौष्ठवाचे वेड लागले. जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेत माझ्या वजनगटात पाचवा आलो. गेली तीन वर्षे दुबईतल्या एका जिममध्ये ट्रेनर आहे आणि दर महिन्याला घरी पैसे पाठवतो. आर्नोल्ड श्वार्झनेगर हे माझे दैवत आहे. परक्या मुलुखात जाऊन, भाषा येत नसताना, केवळ शरीराच्या बळावर तो अ‍ॅक्शन चित्रपटांचा राजा झाला. मग मी का होऊ नये? एका एजंटाने लॉस एंजेलिसचा व्हिजिटर व्हिसा आणि तिथल्या अभिनयाच्या वर्गात प्रवेश मिळवून देण्याचे कबूल केले आहे. त्यासाठी माझ्या वाटणीची जमीन विकायची आणि दिवाळीनंतर नोकरीचा राजीनामा द्यायचा, असे ठरवले आहे. वडील आजारी असतात. त्यांना हे पटत नाही. पण परतीचे दोर कापल्याशिवाय माणूस लढत नाही, असे मला वाटते. आर्नोल्ड तर स्पर्धेच्या तयारीपायी वडिलांच्या अंत्यविधीलाही गेला नव्हता. मुंबईत एकदा ऑडिशन दिली तेव्हा माझ्या बोलण्याला लोक हसले आणि एकाने नाव बदलायला सांगितले. जिममधला एक सहकारी म्हणतो की इंजेक्शने घेतल्याशिवाय पडद्यावर शोभेल असे शरीर होणार नाही. मी काय करावे?

(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर

स. न.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. जमीन विकू नका आणि त्या एजंटाला एक पैसाही देऊ नका, हे आधी सांगते, कारण दिवाळी जवळ आली आहे आणि या दोन गोष्टींना उशीर चालणार नाही. चित्रपटात काम करण्याच्या तुमच्या इच्छेला मात्र मी हसणार नाही. ती इच्छा बाळगणारा माणूस मूर्ख असतो असे मानण्याचे काही कारण नाही, आणि ज्याचे उदाहरण तुम्ही डोळ्यांपुढे ठेवले आहे त्यालाही तरुणपणी अनेकांनी वेड्यात काढले होते. माझी अडचण वेगळी आहे. आर्नोल्डच्या आयुष्याची जी गोष्ट तुम्ही मनात धरून बसला आहात, ती प्रत्यक्षात तशी घडलेली नाही.

परतीचे दोर कापण्याची उपमा तुम्ही सिंहगडावरून घेतली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. सूर्याजीने दोर कापल्याचे सांगितले जाते, पण ते कधी? मावळे कडा चढून गडावर पोचल्यानंतर, लढाई ऐन भरात असताना आणि तानाजी पडल्यावर माणसे माघारी वळू लागली तेव्हा. पायथ्याशी उभे राहून कोणी दोर कापले नव्हते; तसे केले असते तर गड चढायलाच काही उरले नसते. तुम्ही आज पायथ्याशी आहात. आर्नोल्डने १९६८ मध्ये युरोप सोडला तेव्हा तो बराचसा कडा चढून गेलेला होता.

त्याचा जन्म ३० जुलै १९४७ रोजी ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराजवळच्या थाल या गावी झाला. वडील पोलिस खात्यात होते. युद्धानंतरचे दिवस होते आणि घरात नळाचे पाणीसुद्धा नव्हते. किशोरवयात तो ग्राझच्या व्यायामशाळेत जाऊ लागला, आणि तिथे त्याच्या हाती अशी मासिके पडली ज्यांत रेग पार्क या शरीरसौष्ठवपटूची माहिती होती. लीड्समध्ये जन्मलेल्या या माणसाने मिस्टर युनिव्हर्स हा किताब जिंकला होता आणि त्यानंतर इटलीत तयार झालेल्या चित्रपटांत हर्क्युलिसची भूमिका केली होती. मुलाच्या डोक्यात जो आराखडा बसला तो हा: आधी किताब, मग अमेरिका, मग चित्रपट. हा क्रम त्याने शेवटपर्यंत मोडला नाही, आणि तुमच्या योजनेत नेमका हा क्रमच उलटा झाला आहे.

१९६५ मध्ये तो सक्तीच्या लष्करी सेवेत होता आणि रणगाडा चालवत होता. स्टुटगार्टमध्ये कनिष्ठ गटाची मिस्टर युरोप स्पर्धा होती. तो परवानगीविना छावणीतून पळून गेला, स्पर्धा जिंकली आणि परतल्यावर लष्करी तुरुंगात गेला. ही गोष्ट जिममध्ये मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. मला तिच्यातला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. वर्षभराची सेवा संपल्यावर तो म्युनिकला गेला आणि तिथल्या एका जिममध्ये ट्रेनरची नोकरी करू लागला, म्हणजे आज तुम्ही जे काम करता तेच. दिवसभर इतरांकडून व्यायाम करून घ्यायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःचा करायचा. १९६६ मध्ये लंडनच्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत तो दुसरा आला. परीक्षकांपैकी वॅग बेनेट यांनी त्याला लंडनमधल्या आपल्या घरी ठेवून घेतले, पोझिंग कसे करावे ते शिकवले, पायांतला कमकुवतपणा दाखवून दिला. त्या घरात राहता राहता त्याचे इंग्रजीही थोडे सुधारले. १९६७ मध्ये, विशीत, त्याने हौशी गटाचा तो किताब जिंकला. अमेरिकेला तो गेला तो १९६८ च्या सप्टेंबरमध्ये, आणि गेला म्हणजे त्याला बोलावणे आले म्हणून गेला. शरीरसौष्ठवाची मासिके काढणारे आणि व्यायामाची साधने विकणारे जो वायडर यांनी त्याच्या प्रवासाची, राहण्याची आणि खर्चाची सोय केली होती. बदल्यात त्याचे नाव आणि छायाचित्रे त्या मासिकांतून झळकणार होती. हा व्यवहार होता आणि दोघांनाही तो फायद्याचा पडला.

तरीही मायामीतल्या पहिल्याच स्पर्धेत तो हरला. फ्रँक झेन हा त्याच्यापेक्षा बराच हलका, पण रेखीव बांध्याचा खेळाडू जिंकला. त्या रात्री आपण हॉटेलच्या खोलीत रडलो, असे आर्नोल्डने पुढे सांगितले आहे. पुढच्या वर्षी मिस्टर ऑलिम्पिया या शरीरसौष्ठवातल्या सर्वोच्च स्पर्धेत क्युबाहून आलेल्या सर्जिओ ओलिव्हाने त्याला हरवले. १९७० मध्ये तो पहिल्यांदा मिस्टर ऑलिम्पिया झाला, वय २३. तिथून १९७५ पर्यंत सलग सहा वेळा आणि १९८० मध्ये सिडनीत सातव्यांदा. तुम्ही जिल्ह्यात पाचवे आलात, हे यश कमी लेखण्यासाठी मी हे आकडे देत नाही. आपल्याकडे जिल्ह्यानंतर राज्य आणि राज्यानंतर देश अशा पायऱ्या आहेत आणि महाराष्ट्र श्री, भारत श्री हे किताब सोपे नाहीत. पण आर्नोल्डचे नाव घेऊन स्वतःची तुलना करायची असेल, तर ती १९६८ च्या आर्नोल्डशी न करता १९६५ च्या आर्नोल्डशी करा. ती तुलना प्रामाणिक होईल आणि तुम्हाला तिच्यातून काही शिकताही येईल.

आता ज्या भागाविषयी कोणी पोस्टर लावत नाही त्याकडे वळते. माझ्या मते त्याच्या चित्रपटीय यशाचे मूळ तिथेच आहे. कॅलिफोर्नियात आल्यावर आर्नोल्ड गोल्ड्स जिममध्ये रोज कित्येक तास घाम गाळत होता, पण शरीरसौष्ठवाच्या बक्षिसांतून त्या काळी पोट भरत नसे. त्याचा जिवलग मित्र फ्रँको कोलंबू हा इटलीतल्या सार्डिनिया बेटावरचा, शरीराने बुटका पण विलक्षण ताकदीचा, आणि त्याला गवंडीकाम येत होते. दोघांनी मिळून बांधकामाचा छोटा धंदा काढला आणि युरोपातले कसबी गवंडी म्हणून स्वतःची जाहिरात केली. गिऱ्हाइकासमोर दोघे आपापल्या भाषेत मोठमोठ्याने भांडत, आणि मग आर्नोल्ड वळून सांगे की आपण या हट्टी माणसाला कसेबसे कमी दरावर आणले आहे. (ही त्याची अभिनयाची पहिली शाळा होती असे म्हणायला हरकत नाही.) १९७१ च्या फेब्रुवारीत सॅन फर्नांडोचा भूकंप झाला, लॉस एंजेलिस परिसरात धुराडी आणि भिंती पडल्या, आणि या दोघांकडे कामाची रीघ लागली. जगातला सर्वांत नावाजलेला शरीरसौष्ठवपटू दिवसा विटा वाहत होता. त्यात त्याला कमीपणा वाटल्याचे मी कुठे वाचलेले नाही.

त्या पैशांतून त्याने टपालाने व्यायामाची पुस्तिका विकण्याचा उद्योग सुरू केला. मासिकांतून मिळालेली प्रसिद्धी इथे कामी आली. सांता मोनिकाच्या महाविद्यालयात इंग्रजीचे वर्ग केले, व्यवसाय आणि हिशेबाचे अभ्यासक्रम तुकड्या-तुकड्याने पूर्ण केले, आणि १९७९ मध्ये विस्कॉन्सिन-सुपीरियर विद्यापीठाची पदवी बहुतांशी पत्रद्वारा शिकून मिळवली. १९७० च्या दशकाच्या मध्यावर सांता मोनिकात त्याने सहा बिऱ्हाडांची एक इमारत कर्ज काढून घेतली, एका बिऱ्हाडात स्वतः राहिला आणि बाकीच्यांच्या भाड्यातून हप्ते भागवू लागला. महागाईच्या त्या दशकात घरांच्या किमती झपाट्याने चढल्या. ती इमारत विकून त्याने मोठी घेतली, मग त्याहून मोठी. चित्रपटातला तारा होण्याच्या कितीतरी आधी तो लक्षाधीश झाला होता आणि तो मालमत्तेच्या जोरावर झाला होता.

या सगळ्याचा चित्रपटांशी संबंध काय, असे तुम्हाला वाटेल. संबंध असा की त्याला नकार देता आला. त्याच्याकडे येणाऱ्या भूमिका कसल्या होत्या? नाझी अधिकारी, दारावरचा पहारेकरी, कुस्तीगीर, कैदी. ज्याचे पुढच्या महिन्याचे घरभाडे थकलेले असते, तो अशी प्रत्येक भूमिका घेतो, आणि दोन-तीन वर्षांत निर्मात्यांच्या डोक्यात त्याची किंमत कायमची ठरून जाते. आर्नोल्डचे भाडे थकत नव्हते. उलट तो इतरांकडून भाडे घेत होता. म्हणून तो थांबू शकला. स्वतः त्यानेच पुढे अनेकदा सांगितले आहे की पोटासाठी चित्रपटांवर अवलंबून नसल्यामुळे आपल्याला नको ती कामे नाकारता आली. तुम्ही जी जमीन विकायला निघाला आहात, ती तुमच्यापुरती ही नकार देण्याची ताकद आहे. ती विकलीत तर लॉस एंजेलिसमध्ये किंवा मुंबईत तुम्ही ज्या दारात उभे राहाल, तिथे समोरचा जे देईल ते घेण्यावाचून तुम्हाला गत्यंतर राहणार नाही.

थांबावे किती लागले तेही पाहा. १९७० मध्ये न्यूयॉर्कमधल्या हर्क्युलिसवरचा एक चित्रपट त्याने केला; तो इतका सुमार होता की आज तो गमतीपुरताच पाहिला जातो, आणि त्यात आर्नोल्डचा आवाजसुद्धा दुसऱ्याचा होता. १९७३ मध्ये रॉबर्ट आल्टमनच्या एका चित्रपटात त्याला एकही वाक्य नसलेला गुंड मिळाला. १९७६ मध्ये बॉब राफेलसनच्या ‘स्टे हंग्री’साठी त्याने अभिनयशिक्षक एरिक मॉरिस यांच्याकडे रीतसर धडे घेतले आणि दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून बरेच वजन उतरवले. ज्या शरीरामुळे त्याला काम मिळाले तेच शरीर त्याला कामासाठी कमी करावे लागले, हे जरा मनात घोळवा. त्या भूमिकेला पदार्पणाचा गोल्डन ग्लोब मिळाला. १९७७ मध्ये ‘पंपिंग आयर्न’ हा माहितीपट आला आणि शरीरसौष्ठव म्हणजे काय हे सामान्य अमेरिकनांना प्रथमच नीट कळले. त्याच माहितीपटामुळे निर्माते एडवर्ड प्रेसमन यांना त्याच्यात आपल्या नियोजित चित्रपटाचा नायक, कॉनन हा तलवारबहाद्दर योद्धा, दिसला. तरीसुद्धा ‘कॉनन द बार्बेरियन’ पडद्यावर यायला १९८२ साल उजाडले. दरम्यान तो तलवारबाजी शिकला, घोडेस्वारी शिकला. स्पेनमधल्या चित्रीकरणात त्याच्या आकाराचा बदली माणूस मिळणे कठीण असल्याने कितीतरी धोक्याची दृश्ये त्याने स्वतः केली. अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून इथपर्यंत चौदा वर्षे गेली होती, आणि तो जगातला सर्वोत्तम शरीरसौष्ठवपटू असताना गेली होती.

एजंटाच्या योजनेबद्दल अधिक बोलण्यासारखे नाही. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसावर पगारी काम करता येत नाही आणि नियमित अभ्यासक्रमही करता येत नाही. कलाकारांसाठी आणि खेळाडूंसाठी वेगळे व्हिसा असतात आणि त्यांसाठी आधी नाव कमावल्याचे पुरावे द्यावे लागतात. जो माणूस तुम्हाला या व्हिसावर नेऊन ‘पुढचे पुढे बघू’ म्हणतो, तो तुमच्या जमिनीचे पैसे घेऊन मोकळा होईल आणि पुढचे तुम्हाला एकट्याला बघावे लागेल. एकदा नियम मोडल्याची नोंद झाली की पुन्हा तिथे जाण्याची वाट बहुधा बंदच होते.

तुमच्या बोलण्याला लोक हसले, याचे तुम्हाला लागलेले मी समजू शकते. आर्नोल्डलाही तेव्हाचे जाणकार सांगत की तुझे नाव कोणाला उच्चारता येणार नाही, तुझे इंग्रजी ऐकवत नाही आणि तुझे शरीर या काळाला शोभत नाही, कारण तो डस्टिन हॉफमन आणि अल पचिनो या लहान चणीच्या अभिनेत्यांचा काळ होता. मग १९८४ मध्ये जेम्स कॅमेरॉनचा ‘टर्मिनेटर’ आला. या चित्रपटासाठी आर्नोल्ड भेटायला गेला तो नायकाच्या भूमिकेबद्दल बोलायला, पण बोलता बोलता तो चित्रपटातल्या मारेकरी यंत्रमानवाने कसे वागावे, कसे पाहावे, शस्त्र हाताळताना त्याच्याकडे पाहूसुद्धा नये, हेच सांगत बसला, आणि कॅमेरॉनने त्याला यंत्रमानवच करायला लावला. वाक्ये अगदी मोजकी होती. ‘आय’ल बी बॅक’ (मी परत येईन) हे ते प्रसिद्ध वाक्य आपल्याला नीट उच्चारता येत नाही म्हणून त्यात बदल करावा, अशी त्याची मागणी होती आणि कॅमेरॉनने ती फेटाळली. जो उच्चार दहा वर्षे आड येत होता तो त्या यंत्राच्या तोंडी चपखल बसला. यावरून ‘मी बोलतो तसेच बोलणार’ असा निष्कर्ष काढू नका. उच्चार सुधारण्यासाठी त्याने शिक्षक ठेवले, वर्षानुवर्षे तालीम केली, आणि तरीही जे उरले ते कुठे शोभेल हे ओळखणारा दिग्दर्शक त्याला भेटला. तुमची कऱ्हाडकडची बोली आज मराठी चित्रपटांत आणि मालिकांत हवीच असते. तिच्या जोडीला प्रमाण मराठी आणि स्वच्छ हिंदी बोलता येणे हा तुमच्या हातातला भाग आहे. नावाचे म्हणाल, तर त्या पहिल्या चित्रपटात आर्नोल्डला ‘आर्नोल्ड स्ट्राँग’ हे नाव लावायला लावले होते. नंतर तो मूळ नावावर आला आणि तिथेच राहिला. नाव बदलण्याचा सल्ला देणाऱ्याने तुम्हाला काम दिले असेल तर त्याचे ऐकण्याचा विचार करा, नसेल तर सोडून द्या.

वडिलांच्या अंत्यविधीची गोष्ट तुम्ही आदर्श म्हणून लिहिली आहे आणि ती वाचून मला वाईट वाटले. ती ‘पंपिंग आयर्न’मध्ये आहे हे खरे. पण त्या माहितीपटातला आपला निर्दयपणा आपण कॅमेऱ्यासाठी बराचसा रचला होता, असे आर्नोल्डने पुढे मान्य केले. स्पर्धेच्या तयारीसाठी आपण गेलो नाही ही कहाणी त्याने दुसऱ्या एका खेळाडूकडून ऐकलेली होती आणि परिणाम साधावा म्हणून स्वतःची म्हणून सांगितली होती. वडील १९७२ मध्ये गेले तेव्हा तो जाऊ शकला नाही, आणि त्याचे कारण त्याने आत्मचरित्रात पायावर झालेली शस्त्रक्रिया असे दिले आहे. म्हणजे ज्या कठोरपणाचे अनुकरण करून तुम्ही आजारी वडिलांकडे पाठ फिरवायला निघाला आहात, तो एका हुशार विक्रेत्याने जाहिरातीसाठी केलेला अभिनय होता. शिवाय दैवत करण्याइतका हा माणूस निर्दोष नाही. २००३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत अनेक स्त्रियांनी त्याच्यावर गैरवर्तनाचे आरोप केले आणि त्याला माफी मागावी लागली. पुढे त्याचा संसारही त्याच्याच वागण्यामुळे मोडला. त्याच्याकडून धंदा शिका, मेहनत शिका, क्रम शिका. घरच्या माणसांशी कसे वागावे हे त्याच्याकडून शिकण्याची गरज नाही.

‘केवळ शरीराच्या बळावर’ हे तुमचे शब्दही तो स्वतः मान्य करणार नाही. २०१७ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्याने सांगितले की मला स्वयंघडित माणूस म्हणू नका, कारण प्रत्येक टप्प्यावर मला कोणी ना कोणी हात दिला आहे. अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात गोल्ड्स जिममधली मंडळी त्याच्या रिकाम्या खोलीत उशा, ताटे, भांडी घेऊन आली होती, ती आठवण त्याने तिथे सांगितली. तुमच्याभोवतीही अशी माणसे असणार. दुबईत तुम्ही ज्यांना व्यायाम शिकवता त्यांच्यात जाहिरात, छायाचित्रण, कार्यक्रमांचे आयोजन अशा क्षेत्रांतले लोक येत असतील, आणि तीन वर्षांत त्यांपैकी कोणाशी तुमचे बरे संबंध जुळलेही असतील. पत्रात त्यांचा उल्लेख नाही, एजंटाचा मात्र आहे.

काळाची साथ हाही एक भाग असतो, आणि तो कोणाच्या हाती नसतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत घरोघरी व्हिडिओ कॅसेट पोचल्या, जिमचे वेड पसरले, आणि एकट्याने सैन्य लोळवणारा नायक लोकांना हवा होता. ‘कमांडो’, ‘प्रिडेटर’ त्या लाटेवर आले. आज पिळदार शरीर ही अभिनेत्यांची प्राथमिक तयारी झाली आहे. ते कमावण्यासाठी त्यांच्याकडे तुमच्यासारखे ट्रेनर असतात. म्हणून केवळ शरीर दाखवून लक्ष वेधून घेण्याची सोय आता जवळजवळ उरलेली नाही. आपल्याकडे दारासिंग यांचे उदाहरण तुम्हाला अधिक जवळचे वाटेल. पंजाबातून ते १९४७ मध्ये सिंगापूरला गेले, तिथे कुस्तीत नाव काढले, १९५४ मध्ये रुस्तम-ए-हिंद झाले, आणि १९६२ च्या ‘किंगकाँग’पासून मुंबईच्या चित्रपटात नायक म्हणून स्थिरावले. इथेही क्रम तोच दिसतो. कुस्ती आधी आणि पडदा नंतर.

मग तुम्ही काय करावे? दुबईतली नोकरी चालू ठेवा आणि त्या पगारातला काही भाग घरखर्चाव्यतिरिक्त स्वतंत्र बाजूला काढा. किमान दोन वर्षांचा मुंबईतला खर्च निघेल इतका झाला की राजीनाम्याचा विचार करा. आर्नोल्डने विटांच्या धंद्यातून जे केले त्याच्या जवळ जाणारा तुमचा उद्योग म्हणजे ऑनलाइन प्रशिक्षण, आणि तो मराठीत करा, कारण गावाकडच्या मुलांना शास्त्रशुद्ध व्यायाम त्यांच्या भाषेत सांगणारी माणसे अजून थोडी आहेत. कॅमेऱ्यासमोर बोलण्याची सवयही त्यातून होईल. पुढच्या सुट्टीत गावी याल तेव्हा राज्य पातळीवरच्या स्पर्धेच्या तयारीला लागा आणि त्याच सुट्टीत पुण्यामुंबईत एखाद्या नाट्यशिबिराला जा. अभिनय तुम्हाला खरोखर आवडतो की फक्त पडद्यावर दिसणे आवडते, याचा उलगडा तिथे आठ-दहा दिवसांत होईल. अ‍ॅक्शनचीच ओढ असेल तर मारामारीची दृश्ये बसवणाऱ्या फाइट मास्टरांच्या हाताखाली काम मिळते का ते पाहा. ते काम कष्टाचे आणि धोक्याचे आहे, पण चित्रपट कसा तयार होतो हे तिथे जवळून दिसते. वडिलांना हा सगळा बेत फोनवर न सांगता समोर बसून सांगा, आणि जमीन विकण्याचा विचार सोडल्याचे आधी सांगा. मग ते पुढचे ऐकून घेतील असे मला वाटते.

इंजेक्शनांचा प्रश्न तुम्ही शेवटी आणि एकाच ओळीत विचारला आहे, पण मी तो गंभीर धरते. आर्नोल्डने आपल्या काळात स्टिरॉइड ही स्नायू वाढवणारी औषधे घेतल्याचे मान्य केले आहे. तेव्हा ती अमेरिकेत बेकायदा नव्हती. १९९० मध्ये तिथे त्यांच्यावर नियंत्रणाचा कायदा झाला. त्याच्या हृदयाच्या झडपेत जन्मजात दोष होता, १९९७ मध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि नंतरही व्हावी लागली. तो दोष औषधांमुळे आलेला नाही. मात्र आजच्या तरुणांनी या वाटेला जाऊ नये असे तो स्वतः सांगतो. अशा औषधांनी रक्तदाब वाढतो, हृदयाचे स्नायू जाड होतात, रक्तातली चरबी बिघडते, शरीराची स्वतःची संप्रेरके तयार होणे मंदावते आणि मूल होण्यात अडचणी येतात, हे वैद्यकशास्त्रात सुस्थापित आहे. जिममधला सहकारी जी बाटली देतो तिच्यात नेमके काय आहे हे त्यालाही माहीत नसते, आणि तुम्ही ज्या देशात राहता तिथले औषधांबाबतचे कायदे फार कडक आहेत. त्याला स्पष्ट नकार द्या. आधी कधी घेतले असेल आणि पत्रात लिहायचे टाळले असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नका. रक्तदाब, यकृताच्या आणि चरबीच्या चाचण्या आणि हृदयाची सोनोग्राफी या महिन्यातच करून घ्या, आणि अहवाल येईपर्यंत जड वजने उचलावीत की नाही हेही त्यांनाच विचारा.

तुमची,
ताई